मालक कोणाला म्हणता?

आमच्या कॉलेजात मी जो विषय शिकवते त्याचं नाव वेळापत्रकात 'कायदा आणि सामाजिक न्याय' असं छापलेलं असतं. दर वर्षी पहिल्या तासाला मी एकच प्रश्न विचारते, सामाजिक न्याय म्हणजे काय? उत्तरही दर वर्षी तेच येतं. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, "मॅडम, स्कॉलरशिप!" वर्ग हसतो. मी हसत नाही, कारण त्या पोराचं काहीच चुकलेलं नसतं. दाखल्यांच्या झेरॉक्स छातीशी धरून ज्या हापिसासमोर तो उन्हात उभा राहिलेला असतो, त्याच्या पाटीवर हेच दोन शब्द असतात. त्याच्या लेखी सामाजिक न्याय म्हणजे एक खिडकी, आणि ती नेमकी त्याचा नंबर आला की जेवायला जाते.

माझा विषय कायद्याच्या कॉलेजात कढीपत्त्यासारखा आहे. फोडणीला सगळ्यांना लागतो, पानात आला की बाजूला काढतात. माझे सहकारी गुन्हे शिकवतात, करार शिकवतात, मिळकतीचा कायदा शिकवतात. पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात, कारण त्यावर वकिली चालते. मला मात्र स्टाफरूममध्ये विचारतात, "काय मग, झालं का तुमचं भाषण?" मला राग येतो. मला एकूणच राग लवकर येतो, नाकावरच असतो म्हणतात घरचे. पण खरं सांगायचं तर ह्या रागावरच माझी नोकरीतली सगळी वर्षं निघाली, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

कॉलेज शिरूरला. पोरं शिरूर-दौंडची. कोरेगाव भीमाकडून एखादा कंपनीतली रात्रपाळी उरकून येतो आणि मुद्दाम पहिल्या बाकावर बसून झोपतो, कारण माझी नजर मागच्या बाकांवर असते हे त्याला ठाऊक असतं. इनामगावकडचा कोणी डेअरीला दूध घालून येतो. ह्यांच्या घरी 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं असतं. मी त्यांना सांगते, बरोबर आहे, शहाण्याने चढू नये. पण शहाण्यांनी ज्यांना लुबाडलंय त्यांना चढावीच लागते, आणि तेव्हा त्यांचा हात धरायला तुम्ही हवेत. नाहीतर मग घरीच बसा, दुधाचा धंदा वाईट नाही.

पुस्तकातून हा विषय शिकवता येत नाही हे मला लवकर कळलं. म्हणून मी एक पद्धत पाडली. दर शनिवारी प्रत्येकाने घरातून, गावातून एक शब्द आणायचा. असा शब्द, ज्याच्या पोटात कोणाचा तरी हक्क किंवा कोणावर तरी अन्याय दडलेला आहे. तो फळ्यावर लिहायचा आणि तो घरात कोण कोणाला उद्देशून बोलतं ते सांगायचं. सुरुवातीला पोरं वैतागली. "मॅडम, हे परीक्षेला हाय का?" मी म्हटलं, "न्हाई. आयुष्याला हाय. लिहा."

मग शब्द येऊ लागले. चोळीबांगडी आली, म्हणजे जमिनीच्या वाट्याऐवजी लेकीच्या हातावर ठेवतात ती. वाटा आला, हिस्सा आला, आणि दोन्ही एकच आहेत का ह्यावर भांडण झालं. एका शनिवारी एका बागायतदाराच्या मुलाने फळ्यावर 'हक्कसोड' लिहिलं आणि छाती फुगवून सांगितलं, "आमच्या आत्यांनी रजिस्टर हापिसात हसत हसत सह्या केल्या. माहेर टिकलं पाहिजे म्हणून. आमच्यात असं भांडणबिंडण नसतं."

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, "आत्या हसत व्हत्या, का तुला हसल्यासारख्या दिसत व्हत्या?"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. बोलणारी मुलगी दौंड तालुक्यातल्या कासुर्डीची होती. गावात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मुसलमान कुटुंबातली. वडील आसपासच्या मळ्यांतली फुलं टेम्पोत भरून पुण्याच्या बाजारात नेतात. ती चौफुल्याहून एसटी धरून न्हावऱ्यावरून शिरूरला यायची आणि पहिलं वर्षभर तिने तोंड उघडलं नव्हतं. त्याचं कारण मला माहीत होतं. एकदा तिने 'म्हंजी' म्हटलं आणि चार जण फिदीफिदी हसले होते. त्या दिवशी मी हजेरी अर्धी टाकून सगळ्या वर्गाला झाडलं होतं. "उद्या तुमच्याकडे येणारं माणूस ह्याच भाषेत बोलणार आहे. हसायचं असेल तर आज हसून घ्या, कारण उद्या त्याच माणसाकडून फी घ्यायची आहे." हसणं थांबलं. पण ही मुलगी बोलायला लागली ती त्या आत्यांसाठी. त्यानंतर ती कधी थांबली नाही, आणि मीही तिला थांबवलं नाही.

कॉलेजचं एक विधी सहाय्य केंद्र आहे. नाव मोठं, काम साधं. मुलांना घेऊन गावात जायचं, ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचं आणि लोकांचं ऐकायचं. बहुतेक वेळा लोक रेशनकार्डाचं विचारतात. भीमेच्या काठच्या एका गावात आम्ही असेच बसलो होतो. उन्हं कलली, मुलं सतरंजी गुंडाळायला लागली, तेव्हा एक बाई आली. हातात पिशवी, पिशवीत शेवंतीची चिखलाने माखलेली, मुळासकट उपटून आलेली रोपं. तिने ती सतरंजीवर ओतली.

"हे बगा," ती म्हणाली. "फुलावर आल्यालं रान. आबानं नांगर घातला."

आबा म्हणजे तिचे चुलते. ती बापाची एकुलती एक मुलगी, नवऱ्यासह बापाच्याच गावात राहून बापाचं शेत करणारी. बाप गेल्यावर वारस म्हणून सात-बाऱ्यावर तिचं नाव लागलं. चुलत्यांचं शेत शेजारी, आणि त्यांच्या मते शेजारचंही त्यांचंच. भावाने जिवंतपणीच म्हणे तोंडी सांगून जमीन आपल्या हाती दिली होती, तेव्हापासून आपणच ती कसतो, ही नुसती नावाची. आणि मग एका सकाळी त्यांनी तिच्या उभ्या शेवंतीत ट्रॅक्टर फिरवला. कुंपणानेच शेत खाल्लं. ती पोलिसांकडे गेली तर 'हे दिवाणी मॅटर हाय' म्हणून परत पाठवलं.

"येवढंच रान हाय," ती म्हणाली. "ते गेलं तर उद्यापासनं मी दुसऱ्याच्या फुलात खुडायला जानार. तेबी आबांच्याच."

कासुर्डीची मुलगी तिच्यासमोर मांडी घालून बसली होती. तिने सांगितलं की विधी सेवा समितीकडे अर्ज केला की सरकार वकील देतं, फुकट. बाईने विचारलं, त्याला काय लागतं? जात? उत्पन्नाचा दाखला?

"काय न्हाई. तुमी बाई हाय, येवढंच पुरं हाय."

बाई तिच्याकडे बघत राहिली. बाई असल्यामुळे काही मिळतं, हे ती पहिल्यांदाच ऐकत असावी. मग तिने उपटलेली रोपं परत पिशवीत भरली. त्यातली काही परत लावली तर अजून जगतील असं ती म्हणाली.

दावा दाखल झाला. मनाईचा दावा, म्हणजे प्रतिवादीने माझ्या जमिनीत येऊ नये असा हुकूम मागायचा. अशा दाव्यात कागद कोणाच्या नावावर आहे तेवढ्याने भागत नाही. जमीन प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे, कोण कसतं, हे सिद्ध व्हावं लागतं. समितीने नेमलेले वकीलसाहेब पुण्यात वाढलेले, सज्जन, तयारीचे. आमची मुलं कागद जुळवून देत, तारखांना जाऊन मागे बसत. विद्यार्थ्यांना कोर्टात बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. हे ऐकणंसुद्धा शिक्षण असतं असं मी त्यांना सांगायची, आणि ते जांभया द्यायचे.

त्या बाईची उलटतपासणी ठरली त्या दिवशी मी स्वतः गेले. आबा आले होते, पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, कोर्टातले शिपाईसुद्धा उठून उभे राहिले. तिचा नवरा दारातच थांबला होता, हातात मोटरसायकलचं हेल्मेट, आत यावं की नाही ते न कळून. आणि आबांचा वकील उभा राहिला तेव्हा मी कपाळावर हात मारला. माझाच विद्यार्थी! काही वर्षांपूर्वीचा, हुशार, पुढच्या बाकावरचा. माझ्या विषयात पहिला आला होता. त्याने मला लांबूनच नमस्कार केला आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली.

त्याने आवाज चढवला नाही. फार गोड बोलत होता, आणि तेच मला नको वाटत होतं.

"ताई, शेवंती लावायची का झेंडू, हे कोण ठरवतं?"

"मालक ठरिवत्यात."

"औषध कधी मारायचं, पाणी कधी द्यायचं?"

"मालकच बगत्यात. मी बी असतेच की बरुबर."

"म्हणजे जमीन मालक कसतात?"

"व्हय."

"आता मला सांगा, गावात मालक कोणाला म्हणतात?"

ती जराही थांबली नाही. खरं बोलायला आलेली बाई, तिला थांबायचं कारणच नव्हतं. "आबांना म्हंत्यात की. समदं गाव आबांना मालक म्हंतं."

"बस्स, एवढंच," तो म्हणाला आणि बसला.

न्यायाधीश साहेबांनी स्टेनोला मजकूर सांगितला आणि तो जबाबात उतरला. जमीन मालक कसतात. गावात प्रतिवादीला मालक म्हणतात. झालं. ज्या बाईच्या शेतात नांगर घातला होता, तिच्याच तोंडून जमीन नांगरवाल्याच्या ताब्यात गेली होती. तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती पिंजऱ्यात पदर सावरून उभी होती, काम नीट पार पडलं अशा चेहऱ्याने. आबांनी टोपी नीट केली. आमचे वकीलसाहेब कागद चाळत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण कोर्टात माझा तिळपापड कोणाच्या कामाचा नव्हता.

माझ्या शेजारी कासुर्डीची मुलगी होती. ती एकदम ताठ झाली. "मॅडम, मालक म्हंजी तिचा नवरा," ती कुजबुजली. "आमची आई न्हाई का, दारात कुणी आलं की म्हंती, मालक घरी न्हाईत. अब्बांचं नाव घेती का ती कधी?"

"जा," मी म्हटलं. "साहेबांना सांग."

ती वाकून, ओढणी सांभाळत, बाकांच्या मधून पुढे गेली आणि वकीलसाहेबांच्या कानाशी लागली. ते तिच्याकडे गोंधळून बघत होते. पुण्यातल्या त्यांच्या घरात बायको त्यांना नावाने हाक मारत असणार, 'अरे' म्हणत असणार. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते उठणार, एवढ्यात तिने परत त्यांची बाही धरली आणि आणखी काहीतरी सांगितलं. ते मला नंतर वकीलसाहेबांनीच हसत हसत सांगितलं. ती म्हणाली होती, "सर, पर सूचक प्रश्न नको. 'मालक म्हंजी नवरा ना' असं इचारलं तर ते हरकत घेतील. नुसतं इचारा, कुणाला म्हंता."

आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात आपण उत्तर घालायचं नसतं, हा नियम तिला दुसऱ्या एका सरांनी शिकवलेला. तो ऐन वेळी आठवणं आणि वकिलाची बाही धरून त्याला आठवून देणं, हे कोणी शिकवत नाही. मी हे आजही स्टाफरूममध्ये सांगते, आणि त्या सरांसमोर तर मुद्दाम सांगते.

"पाठीमागे कोण बोलतंय?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं. मुलगी वाकूनच मागे आली आणि टुणकन माझ्या शेजारी बसली. वकीलसाहेब उठले आणि फेरतपासणीची परवानगी मागितली.

"ताई, तुम्ही स्वतः मालक कोणाला म्हणता?"

समोरून माझा जुना विद्यार्थी उठू लागला. पण हरकत घ्यायला प्रश्नात काही नव्हतंच, तेव्हा तो अर्धवट उठून परत बसला.

पिंजऱ्यातल्या बाईचा चेहरा लाल झाला. तिने पदर तोंडाला लावला. "आता बया," ती म्हणाली. "असं काय इचारायचं चारचौघांत?"

"सांगा, ताई. नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नका."

तिने मान न वळवता हात दाराकडे केला. "ते काय, दारात उबं हायेत. टोपडं घिऊन."

सगळं कोर्ट वळून दाराकडे बघायला लागलं. नवऱ्याला वाटलं आपल्याला पुकारलं. तो दचकून दोन पावलं आत आला, हेल्मेट काखेत मारून हात जोडले आणि म्हणाला, "जी." मग जे हसू उसळलं त्यात शिपाई, स्टेनो आणि शेवटी न्यायाधीश साहेबही सामील झाले. बिचाऱ्याला काही कळेना. तो आणखी एकदा "जी" म्हणाला.

"आणि प्रतिवादींना तुम्ही काय म्हणता?" हसू ओसरल्यावर वकीलसाहेबांनी विचारलं.

"आबा म्हंते. गाव मालक म्हंतं, त्येंच्या रानात कामाला जातं म्हनून. मी कशाला म्हनू? माझं चुलतं हायेत ते."

न्यायाधीश साहेब आता पुढे झुकले होते. त्यांनी स्वतःच विचारलं, "बाई, ही जमीन कोणाची आहे?"

हा प्रश्न आम्ही कोणी तिला कधी विचारला नव्हता. वाद कोणाशी, रान केवढं, नांगर कधी घातला, सगळं विचारलं होतं. तिने एकदा आबांकडे पाहिलं, ज्यांच्यासमोर ती लहानपणापासून खाली मान घालून वावरलेली. माझ्या शेजारच्या मुलीने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं बाई, बोल.

"माझी," ती म्हणाली. "माझ्या बापाची व्हती. आता माझी हाय. मालक कसत्यात, पर माझी हाय."

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगितलं. 'मालक' पुढे 'म्हणजे पती' असंही लिहायला सांगितलं. कीबोर्डचा आवाज थांबेपर्यंत ती पिंजऱ्यातून हलली नाही. मग तिने विचारलं, "लिवलं का?"

स्टेनो म्हणाला, "लिहिलं, ताई."

"वाचून दावा."

त्याने वाचून दाखवलं. जमीन माझी आहे, हे वाक्य कोर्टाच्या त्या खोलीत एका परक्या माणसाच्या आवाजात ऐकताना तिने मान हलवली, एखाद्या हिशेबी बाईने नाणं वाजवून घ्यावं तशी. मग खाली उतरली. तेव्हा माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. अभिमानाने भरलेले डोळे पुसायचे नसतात, असं माझं मत आहे.

बाहेर व्हरांड्यात माझा जुना विद्यार्थी समोर आला. मी त्याला सोडणार नव्हतेच.

"काय रे, तुझी आई तुझ्या वडलांना काय म्हणते?"

तो खाली बघून हसला. "मालक म्हणती, मॅडम."

"मग?"

"मॅडम, वकिली केली."

"केलीस. चांगली केलीस. आणि तुझ्यापेक्षा लहान पोरीने तुला पाडलं, हेही चांगलं झालं. चहा पाज आता सगळ्यांना." त्याने पाजला. तो वाईट मुलगा नाही. त्याच्या त्या गोड प्रश्नांतसुद्धा माझ्या शनिवारच्या फळ्याचा हात होता हे मला कळत होतं. शब्दाच्या पोटात काय असतं हे तोही माझ्याकडेच शिकला होता. शिकवलेलं दोन्हीकडे वापरलं जातं, त्याला इलाज नाही. आपण फक्त आपल्या बाजूला जास्त पोरं तयार करत राहायचं.

पुढच्या शनिवारी कासुर्डीच्या मुलीने फळ्यावर 'मालक' लिहिला. वर्गात जे पेटलं ते घंटा झाल्यावरही विझेना. एक जण म्हणाला, हा शब्दच बंद करायला पाहिजे, नवऱ्याला मालक म्हणणं म्हणजे स्वतःला गुलाम म्हणणं. मागून कोणी ओरडलं, "तुझ्या आईला सांग की मग, बघू तुझं जेवण बंद होतंय का." हक्कसोडवाला मुलगा इतका वेळ वहीत काहीतरी गिरवत होता. त्याने शेवटी हात वर केला आणि म्हणाला, शब्द असू द्या, पण कागदावर नाव तिचं पाहिजे आणि तिला ते पाठ पाहिजे. कासुर्डीची मुलगी म्हणाली, "कागदावर हाय, पर तोंडात न्हाई, असंच तर व्हतं त्या ताईंचं. आपल्याला तोंडातलं बी बगाय पायजे." मी फळ्याजवळ उभी होते आणि मला एक अक्षर बोलायची गरज पडली नाही. शिक्षकाच्या आयुष्यात असे तास थोडे येतात. तो तास कोणी माझं भाषण म्हणून दाखवावा.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले, तारखा पडत राहिल्या, आणि मग निकाल लागला. आबांना तिच्या जमिनीत यायला कायमची मनाई झाली. निकालात त्या जबाबाचा उल्लेख होता, 'मालक म्हणजे पती' ह्या शब्दांसह. वकीलसाहेबांनी पेढे आणले. कॉलेजच्या प्राचार्यांनी मला बोलावून अभिनंदन केलं आणि विधी सहाय्य केंद्राला एक कपाट देऊ केलं. मी म्हटलं, कपाट राहू द्या, गावात जायला गाडी द्या. गाडी मिळाली. अधूनमधून बंद पडते, पण मिळाली.

त्याच गाडीतून आम्ही त्या गावी परत गेलो. मी, कासुर्डीची मुलगी आणि नवीन वर्षाची पोरं. शेतात नवी शेवंती लावली होती, अजून वीतभरही झाली नव्हती. बाई आणि तिचा नवरा सरीतून तण काढत होते. तिने आम्हाला बांधावर बसवलं आणि पोरांसाठी हरभऱ्याचे डहाळे आणले. पोरं सोलून खात होती, आणि ती कासुर्डीच्या मुलीला विचारत होती की तू वकील कधी होणार, काळा कोट कधी घालणार, आणि कोट शिवायला तुमच्या दौंडात शिंपी चांगला हाय का.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज आला. आबा स्वतः चालवत होते. त्यांच्या शेताकडे जायचा जवळचा रस्ता ह्याच शेताच्या कडेने जातो. वळसा घातला तर ओढ्यातून जावं लागतं आणि ओढ्याला तेव्हा पाणी होतं. ट्रॅक्टर बांधाशी येऊन थांबला. पोरांचं चघळणं थांबलं. बाईचा नवरा उभा राहिला. ती मात्र बसल्या जागीच पदर डोक्यावर ओढून त्यांच्याकडे बघत राहिली.

आबांनी इंजिन बंद केलं. थोडा वेळ ते स्टिअरिंगकडेच बघत होते. मग त्यांनी मान वर केली. नवरा समोर उभा होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या रानाच्या कडंनं नेऊ का ट्रॅक्टर? वड्याला पानी हाय."

ती उठली. हातातलं खुरपं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले. कासुर्डीच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही, ती तिच्याकडेच बघत होती.

"न्या की, आबा," ती म्हणाली. "इचारलंसा न्हवं? मग न्या."

आबांनी ट्रॅक्टर सुरू केला आणि अगदी हळू, एका बाजूला वाकून चाकाकडे बघत, शेवंतीच्या कडेकडेने नेला. एकही रोप मोडलं नाही.